वर गेलेलं शटल

बालाघाट, ३ नोव्हेंबर २०२५

ती. उमाताई,

नमस्कार. तुझ्या हुकमाप्रमाणे जाड काळ्या पेनाने आणि मोठ्या अक्षरात लिहितो आहे. पत्र लिहितोय की सभेची पाटी रंगवतोय, माझं मलाच कळत नाही. मोबाईलवरची अक्षरं तुला वळवळताना दिसतात, आणि फोन केला की आमच्याकडे तो स्पीकरवर असतो म्हणून तू दोन वाक्यांत आटपतेस. तेव्हा नागपूरची सदुसष्ट वर्षांची बहीण आणि बालाघाटचा बासष्टचा भाऊ मिळून पोस्ट खातं जगवतायत, असं समजू.

आता कामाचं. आमच्या कॉलनीच्या मधल्या मोकळ्या जागेत एक कोर्ट करायचं ठरलं आहे. एकच. कोणत्या खेळाचं, यावरून पेन्शनर मंडळींत दोन महिने जुंपली आहे. मी पस्तीस वर्षं सिंचन खात्यात अंदाजपत्रकं केली, म्हणून अहवाल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खेळणारे सगळे पन्नास ते सत्तरचे हौशी लोक. कोणाचा गुडघा बोलतो, कोणाचा खांदा. तू जन्मभर शाळेत पोरींना खेळ शिकवलेस, तेव्हा तुझं मत अहवालात घालणार आहे.

माझं मत बॅडमिंटनला होतं, पण हल्ली जरा डगमगलं आहे. रोज संध्याकाळी आम्ही हॉलमध्ये खेळतो, आणि यंदा काय झालंय कोण जाणे, शटल वर गेलं की हवेत विरतं. दिसतं तेव्हा पायाशी पडलेलं असतं. माझा जोडीदार शालिकराम, रिटायर्ड हेडमास्तर, काल सगळ्यांसमोर ओरडला, "गुणाकरभाऊ, शटल तं तुमच्या डोक्यावरूनच गेलं! तुमी काहून सोडलं?" मी म्हटलं, हॉलचे दिवे बदला आधी. साठीच्या माणसांसाठी हा खेळ फार वेगाचा आहे, असं अहवालात लिहू का?

ईरा रोज माझ्याबरोबर असते. आमचा केदार सकाळी सातलाच मोटरसायकलने लांजीच्या ऑफिसला निघतो, सूनबाई ऋता घरी शिकवण्या घेते, त्यामुळे नातीला शाळेत सोडणं, आणणं आणि संध्याकाळी हॉलवर नेणं ही कामं माझी आणि माझ्या स्कूटरची. नऊ वर्षांची पोर, दोन रॅकेट पाठीला लावून मागे अशी बसते की बघत राहावं. तिला बघितलं की वडिलांनी, आपल्या भाऊंनी, मला स्वतःची रॅकेट दिली तो दिवस आठवतो. मी अकराचा होतो. नागपूरहून आले, रॅकेट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जा, दोघं बाहेर खेळा." त्या दिवसाइतका आनंद मला नंतर नोकरी लागली तेव्हाही झाला नाही.

उत्तर लवकर दे.

तुझा गुणाकर


नागपूर, ११ नोव्हेंबर

चि. गुणाकर,

आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर अजून मोठं काढलंस तरी चालेल.

तू विचारलंस म्हणून सांगते. बॅडमिंटन पन्नाशीनंतर बंद करावं असं काही नाही. दुहेरी खेळा, उड्या मारू नका, झालं. पण उघड्यावरच्या कोर्टात वारा शटल पळवतो, म्हणून तुमच्या जागेसाठी तो बाद. टेबल टेनिसला पळावं लागत नाही, पावसाळ्यातही चालतं, पण छप्पर हवं आणि चेंडू फार चपळ. लॉन टेनिसला जागा जास्त, दम जास्त. आमच्या शाळेत आम्ही बॉल बॅडमिंटन खेळवायचो. लोकरीचा पिवळा चेंडू, एका बाजूला पाच जण, वाऱ्याची फिकीर नाही. तुमच्यासारख्या गप्पिष्ट लोकांना तो बरा. आणि हल्लीचं ते पिकलबॉल आहे. लेकीच्या, पौर्णिमाच्या, सोसायटीत रोज टकटक चालते. कोर्ट बॅडमिंटनच्याच मापाचं, जाळं कमरेएवढं, भोकाचा प्लास्टिकचा चेंडू संथ येतो. हौशी माणसाला चार दिवसांत जमतं.

पण मत देण्याआधी मला खेळणारा कळला पाहिजे. म्हणून विचारते, नीट उत्तर दे. शटल विरतं ते वर गेल्यावरच, की बाजूने आलेलंही? डावीकडून की उजवीकडून? जिना उतरताना पाय चुकतो का? दारातून जाताना खांदा लागतो का? सगळे प्रश्न खेळाचेच आहेत, हसू नकोस.

आणि हॉल घरापासून किती लांब आहे? चालत जात जा. ईरालाही चालवत ने. खेळाडूचे पाय चालण्यानेच तयार होतात.

आठ वाजले. पौर्णिमा आली आहे. रोज रात्री आठला ती मला हातातल्या कामावरून उठवतेच, म्हणून इथेच थांबते.

उमाताई


बालाघाट, १९ नोव्हेंबर

ती. ताई,

तुझी प्रश्नपत्रिका मिळाली. शाळेतून रिटायर झालीस पण परीक्षा घ्यायची सवय गेली नाही.

उत्तरं घे. शटल वर गेलेलं विरतंच, पण डावीकडून येणारंही उशिरा दिसतं. उजवीकडचं बरं आहे. जिन्यावर परवा शेवटची पायरी चुकली, पण ती पायरी बांधणाऱ्याचीच चूक, एक इंच कमी आहे, मी टेपने मोजली. दाराला खांदा लागतो. घराची दारं अरुंद आहेत. आणि ऋता चहाचा कप नेमका माझ्या डाव्या हाताला ठेवते, या महिन्यात तीन कप फुटले. आता ती स्टीलचा पेला देते. नजर मात्र माझी ठणठणीत आहे हां! पेपरातल्या बारीक जाहिरातीसुद्धा वाचतो. चष्म्याचा नंबर चार वर्षांत हललेला नाही.

टेबल टेनिस खेळून बघितलं. तू म्हणालीस तसा चेंडू चपळ आहेच, पण माझी तक्रार वेगळी आहे. समोरून आलेला मी बरोबर मारतो. कोपऱ्यातून आलेला दिसतच नाही, एकदम टेबलावर उगवतो. अहवालात लिहिलं आहे: 'टेबल टेनिस, ज्येष्ठांस गैरसोयीचे.' लॉन टेनिसचा एक दिवस झाला. मी डावीकडे धावलो आणि शालिकरामवरच जाऊन आदळलो. तो म्हणाला, "अरे, मी इतका मोठा माणूस उभा हावो, तुमाले दिसलो नाई?" सगळे हसले, मीही हसलो. बॉल बॅडमिंटनचं नाव काढताच तो हरखला. लामत्याच्या शाळेत असताना तो खेळायचा. पण पाच विरुद्ध पाच, म्हणजे दहा माणसं वेळेवर येतील अशी आमची कॉलनी नाही.

हॉल दीड किलोमीटर आहे. चालत गेलो तर ईराचा अर्धा तास जातो. स्कूटरवर ती पाढे म्हणते आणि मी चुका काढतो, तो आमचा खेळाआधीचा खेळ आहे. तो तू कशाला मोडतेस?

गुणाकर


नागपूर, २७ नोव्हेंबर

चि. गुणाकर,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

एक सराव सांगते. बाजूची नजर तयार व्हायला खेळाडूंना देतात. खुर्चीवर बस. एक डोळा तळहाताने झाक. दुसऱ्याने समोर बसलेल्याच्या नाकाकडे बघ, नजर हलवायची नाही. त्याने पिवळा चेंडू तुझ्या कानामागून हळूहळू पुढे आणायचा. आधी बाजूने, मग वरून. दिसला की सांग. मग दुसरा डोळा. चेंडू कुठपर्यंत आला तेव्हा दिसला, ते लिहून ठेव आणि जसंच्या तसं मला कळव.

मला स्वतः यायचं होतं. पण माझे गुडघे एकटीच्या प्रवासाला तयार नाहीत आणि पौर्णिमाला सुट्टी नाही. समोरासमोर बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

सराव होईपर्यंत स्कूटर बाजूला ठेव. थंडीत स्कूटर चालवून खांदे आखडतात आणि मग हात वर जात नाही. माझं एवढं ऐक.

उमाताई


बालाघाट, ८ डिसेंबर

ती. ताई,

तुझा सराव केला, आणि घरभर हशा झाला. शालिकरामऐवजी ईरालाच समोर बसवलं. उजवा डोळा उघडा ठेवला तेव्हा चेंडू गालापुढे आल्यावर दिसला. वरून मात्र भुवईपर्यंत आला तरी पत्ता नाही. मग डाव्या डोळ्याची पाळी. ईरा चेंडू आणत राहिली, आणत राहिली, मी गप्प. शेवटी तो जवळजवळ तिच्या नाकाला लागला तेव्हा मी "हौ" म्हटलं. पोरगी हसून लोळायला लागली. "आबा, आप चीटिंग कर रहे हो!" आजकालची पोरं मराठीत हसतात आणि हिंदीत भांडतात. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सरावाने सुधारेल ना?

अहवाल मात्र पुरा झाला. कौल पिकलबॉलला. कारणं अशी: जागा बॅडमिंटनएवढीच पुरते. सर्व्हिस खालून करायची, म्हणजे खांद्याला त्रास नाही. जाळ्याजवळच्या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही, म्हणून दांडगट माणसाचा जोर चालत नाही. आणि चेंडू भडक पिवळा, संथ, बहुतेक वेळ समोरच. ताई, सगळे खेळ करून बघितले, हा एकच असा आहे की ज्यात मला चेंडू दिसतो. मीटिंगमध्ये मी हे असंच सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

स्कूटर बंद करता येणार नाही. ईराची शाळा सुटते तेव्हा घरात दुसरं कोणी मोकळं नसतं. माझे खांदे लोखंडी आहेत, काळजी करू नकोस. फक्त रस्त्यावरच्या ई-रिक्षावाल्यांना आवरा असं कोणीतरी सांगायला हवं. जमिनीतून उगवल्यासारखे मध्ये येतात.

गुणाकर


नागपूर, १५ डिसेंबर

गुणाकर,

पत्र थोडक्यात लिहिते. ईराला स्कूटरवर नेऊ नकोस. कारण विचारू नकोस, मोठ्या बहिणीचं ऐक. शाळेची रिक्षा लाव.

आणि गोंदियाला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव. चष्म्याच्या दुकानात नको, डॉक्टरला. साठीनंतर सगळ्यांनीच दाखवावं. 'पूर्ण तपासा' म्हण.

मी काल फोन केला होता. ऋताने घेतला, स्पीकरवर. मागे ईराचा आवाज येत होता, शिकवणीची पोरं ओरडत होती. मी 'सगळं बरं आहे ना' एवढंच विचारलं आणि ठेवला. असं नव्हतं बोलायचं मला.

उमाताई


बालाघाट, २९ डिसेंबर

ती. ताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सर्व क्षेम.

डॉक्टरकडे कशाला? बारीक अक्षर वाचतो आहे, सुईत दोरा ओवतो आहे. गोंदियाला गेलो तर दिवस मोडतो. उन्हाळ्यात बघू. कोर्टाचं काम सुरू झालं, माती भरून झाली, सिमेंट पुढच्या आठवड्यात. ईरा काही दिवस खेळायला येत नाही. तिच्या परीक्षा आहेत. स्कूटर सर्व्हिसिंगला दिली आहे, म्हणजे तुझी इच्छा आपोआप पूर्ण झाली.

बाकी ठीक. ईराला खाली दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणते, तिच्याकडे कागद देतो आणि लिफाफा आणायला जातो.

गुणाकर

मोठी आजी नमस्ते। मैं ईरा। मी डाव्या हाताने लिहिते आहे म्हणून अक्षर गंदा आहे। माझा उजवा हात प्लास्टर में है। आबाको रिक्शा दिखा ही नहीं आजी, इतना बडा रिक्शा था। मी ओरडली आबा आबा, पण ते सरळ गेले। आबा रोज रात को रोते हैं। आबाने बोला आजीको मत लिखना, पत्रात दुखणं लिहायचं नसतं। मी लिहिलं। आबाको मत बताना।


नागपूर, २ जानेवारी २०२६

गुणाकर,

ईराने तुझ्या पत्राखाली काय लिहिलंय ते तू बघितलं नाहीस. लिफाफा बंद करण्याआधी वाचायला हवं होतंस. पोरीला काही बोलू नकोस. आपल्या घरात खरं लिहिणारी ती पहिलीच.

आज सकाळी मी ऋताला फोन करून स्कूटरची किल्ली काढून घ्यायला सांगितलं. का, ते तिला सांगितलं नाही. ते आधी तुला सांगायचं होतं.

तुला काचबिंदू आहे. तिकडे काला मोतिया म्हणतात तो. मी डॉक्टर नाही, पण मला खात्री आहे, कारण मलाही आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणूस पेपर वाचतो आणि नजर ठणठणीत आहे असं म्हणतो. कडा जातात. गेलेल्या जागी काळं दिसत नाही, तिथे काही नव्हतंच असं वाटतं. तुझं शटल तिथेच विरत होतं. रिक्षाही.

मला पाच वर्षांपासून माहीत आहे. रोज रात्री आठला पौर्णिमा माझ्या डोळ्यांत थेंब टाकते. जाड पेन, मोठं अक्षर, मोबाईल नको, सगळं त्यासाठीच. गुडघ्यांचं खोटं होतं. मी रस्ता एकटी ओलांडू शकत नाही. कळलं त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "सख्ख्या भावाबहिणींना सांगा, मुलांना सांगा. वेळेत थेंब सुरू झाले तर नजर वाचते." पौर्णिमाची तपासणी केली, ती सुटली. तुला सांगायला मी पत्र लिहायला बसले, आणि त्याच आठवड्यात तुझी दीप्ती गेली. बायको गेलेल्या माणसावर हे कसं टाकायचं? म्हटलं दिवाळीला सांगू. दिवाळीला तू जरा हसायला लागला होतास. म्हटलं पुढच्या वर्षी. मग दोन वर्षं झाली आणि इतका उशीर का केला हे सांगायचीच लाज वाटायला लागली. त्या लाजेपायी आणखी तीन वर्षं गेली.

आणि भाऊंची रॅकेट. तुझा तो आनंदाचा दिवस मलाही आठवतो, पण तू अंगणात पळालास आणि मी खिडकीखाली थांबले होते. मी सोळाची होते. भाऊ नागपूरच्या डॉक्टरकडून आले होते. आईला म्हणाले, "शटल वर गेलं का हवेत विरते, तवाच मले समजलं होतं. पोरायले सांगू नोको. उमीचं लग्न व्हाचं हाय." म्हणून रॅकेट तुला मिळाली. मला तेव्हा अर्थ कळला नाही. लग्नानंतर भाऊंनी मला बजावलं की सासरी पत्रं मोठ्याने वाचतात, त्यात दुखणं लिहायचं नाही. पुढे ते भिंत चाचपत चालायला लागले आणि आपण सगळे म्हातारपण म्हणत राहिलो.

तू पहिल्या पत्रात भाऊंचेच शब्द लिहिलेस. मला तिथेच कळलं. तरी मी खेळाचे प्रश्न विचारत बसले.

उद्याच्या उद्या गोंदियाला जा. केदारला बरोबर ने आणि त्याचीही तपासणी करून घे. त्याला म्हणावं, रिपोर्ट आत्याला कळवायचा आहे. गुणाकर, मला क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही.

उमा


बालाघाट, २० जानेवारी

ताई,

गोंदियाला जाऊन आलो. तुझं निदान बरोबर आहे.

तिथे एका अंधाऱ्या पेटीत तोंड घालून बसवतात. हातात बटण देतात. समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि बाजूला कुठेही उजेडाचा कण चमकला की बटण दाबायचं. माझ्या अहवालात हा खेळ राहून गेला होता. मी बराच वेळ वाट बघत बसलो. मला वाटलं मशीन बंद आहे. नर्सबाईला विचारलं, "सुरू झालं का?" ती म्हणाली, "दादाजी, आधा हो गया."

डावा डोळा जवळजवळ गेला आहे. उजव्याचा वरचा भाग गेला. ९ फेब्रुवारीला डाव्याचं ऑपरेशन, जे थोडं उरलंय ते राखण्यासाठी. गेलेलं परत येत नाही. पाच वर्षांपूर्वी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणायला लागले आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबले.

ताई, दीप्ती गेली त्या वर्षीचं मी समजू शकतो. नंतरच्या वर्षांचंही कदाचित समजू शकेन. पण हे दोन महिने? तू प्रश्न पाठवत होतीस आणि मी विनोद करत उत्तरं लिहीत होतो. तू पत्रातून माझी तपासणी केलीस, निकाल स्वतःजवळ ठेवलास, आणि मला खांदे आखडतात म्हणून सांगितलंस. ईरा रोज माझ्या मागे बसत होती. तिच्या हाताचं हाड जुळलं आहे, पण कोपर पूर्ण सरळ होत नाही. मोठी झाल्यावर कळेल म्हणतात. मी तुझ्यावर फार रागावलो आहे. मग आठवतं की मीही तुला परीक्षा आहेत असं लिहिलं होतं, आणि राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

अहवालात एक अट वाढवली: कोर्टावर नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाने आधी डोळे तपासून घ्यावेत. शालिकराम म्हणाला, "हौ, पयले मी जातो." तो गेला, त्याचे बरे आहेत.

केदारला रजा मिळाली नाही. तो आपला आपण जाणार आहे.

यापुढे मला फक्त खरं लिही. नाहीतर लिहू नकोस.

गुणाकर


लांजी, ६ फेब्रुवारी

आदरणीय आत्या,

सा. न. हे पत्र ऑफिसात बसून लिहितो आहे. माझं मराठी लिखाण कच्चं आहे, सांभाळून घ्या. घरी फोनवर बोलता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

तुम्ही रिपोर्ट मागितला होता. मंगळवारी दाखवून आलो. माझा पण दाब वाढलेला आहे. दोन्ही डोळ्यांचा. डॉक्टर म्हणाले सुरुवात आहे, आत्ता फार काही गेलं नाही, रोज नेमाने थेंब टाकले तर थांबेल. घाबरण्यासारखं नाही.

बाबांना सांगू नका. सोमवारी त्यांचं ऑपरेशन आहे, आणि ईराच्या हातापासून ते स्वतःला खातच आहेत. ऋताला पण सांगितलं नाही, ती टेन्शन घेईल. होळी होऊन जाऊ द्या, मग मीच सगळ्यांना नीट बसवून सांगेन. थेंबाची बाटली घरी ठेवली तर दिसेल, म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. आठवण झाली की टाकतो. रविवारी तेवढा नागा होतो.

मोटरसायकल चालवायला काही अडचण नाही. मला सगळं दिसतं. स्कूटर विकली, तेव्हापासून शनिवारी ईराला कोर्टावर मीच नेतो.

तुमचा
केदार


नागपूर, ११ फेब्रुवारी

गुणाकर,

ऑपरेशन नीट झालं, हे पौर्णिमाने फोनवरून विचारून घेतलं. तुझ्या डोळ्यावर पट्टी आहे, म्हणजे हे पत्र ऋता वाचून दाखवते आहे. मला तसंच हवं होतं.

ऋता, बाई, तू आधी खाली बस. लिफाफ्यात आणखी एक पत्र आहे, केदारचं, मला आलेलं. ते अक्षर तू ओळखशील. 'बाबांना सांगू नका' या ओळीखाली मी रेघ मारली आहे. ती ओळसुद्धा मोठ्याने वाच. केदार माझ्यावर रागावेल, रागावू दे. त्याची नजर वाचण्यासारखी आहे. माझीही होती, तुझीही होती, गुणाकर.

मी शनिवारी येते आहे. पौर्णिमा हात धरून आणणार आहे. तुझ्याशी समोर बसून बोलायचं आहे, शिव्या दिल्यास तरी चालेल. येईपर्यंत केदारने थेंबाची बाटली ऑफिसातून घरी आणून सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी. मोटरसायकलची किल्ली ऋताकडे राहू दे, डॉक्टर सांगतील तोवर.

आता ऋता केदारचं पत्र वाचेल. ईरा तिथेच असेल. तिला तिथेच बसू दे, गुणाकर. रॅकेट देऊन तिला बाहेर खेळायला पाठवू नकोस.

उमाताई